तिखट पिझ्झा: पार्सल मागवावा की घरी करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा, मागवावा की करावा?

तिखट पिझ्झा घरी करावा; आणि पातळ, कडेला काळपट फोड आलेला, मधे मऊ असा भट्टीतला पिझ्झा हवा असेल तर भट्टी असेल तिथे जाऊन, बसून खावा. दुकानाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे त्याची भट्टी. पार्सलच्या वाटेवर नेमकी तिचीच कमाई वाया जाते, कारण कुरकुरीत कडा डब्यातल्या वाफेने नरम पडते. तिखटाचं काम मात्र बारकाईचं आहे. कोणती मिरची घ्यायची, ती कशात घालायची, कोणत्या थरात आणि कोणत्या क्षणी घालायची, हे सगळं घरच्या ओट्यावर उत्तम जमतं. त्याला महागडी भट्टी लागत नाही.

पार्सलचा 'जास्त तिखट' पिझ्झा जिभेची आग करतो, पण चव काहीच लागत नाही. असं का?

कारण तिखटपणा आणि मिरचीची चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरचीतल्या कॅप्सायसिनला स्वतःचा वास नाही, चवही नाही. ते जिभेवरच्या चेतातंतूंमधल्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला चेतवतं. हा ग्राही मुळात चटका ओळखण्यासाठी असतो. म्हणजे तिखट ही चव नसून वेदना आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

मिरचीचा खरा स्वाद तिच्या वासात असतो: ताज्या मिरचीचा हिरवा, गवतासारखा वास, सुक्या मिरचीचा मनुक्यासारखा गोडसर वास, भाजलेल्या मिरचीचा धुरकट वास. दुकानाला घाईच्या वेळी शेकडो पिझ्झे एकसारखे काढायचे असतात. तिथे तिखट वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे एखादा तयार तिखट सॉस किंवा वरून जास्त चिली फ्लेक्स. फ्लेक्स चीजवर उघडे पडून भट्टीत गेले की करपतात, त्यांचा वास उडतो आणि कडवटपणा राहतो. कॅप्सायसिन मात्र तेवढ्या वेळात फारसं कमी होत नाही. म्हणून आग पूर्ण आणि स्वाद अर्धा. काही दुकानं हे काम फार सुंदर करतात, पण तिथेही तिखटाचं माप तुमच्या जिभेचं नसतं.

तोच पिझ्झा गरम असताना जास्त तिखट आणि गार झाल्यावर सौम्य का लागतो?

टीआरपीव्ही१ हा ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही जागा होतो. गरम घासात उष्णता आणि कॅप्सायसिन दोन्ही एकाच घंटीवर बोट ठेवतात. पार्सल कोमट होऊन येतं तेव्हा ते बेताचं तिखट वाटतं, मग आपण वर आणखी फ्लेक्स टाकतो, तुकडा पुन्हा गरम करतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. आधी गरम करा, एक घास खा आणि मग ठरवा.

तिखट लागल्यावर पाणी प्यावं का? चीज असूनही आग का होते?

पाण्याने क्षणभर गार वाटतं, एवढंच. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. दूध आणि दही कामाला येतात, कारण त्यांतलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून घेऊन जातं. चीजमध्येही केसिन आणि स्निग्धांश दोन्ही असतात, म्हणून चीजच्या थराखाली दडलेलं तिखट उशिरा आणि मऊपणे लागतं. चीजच्या वर टाकलेलं तिखट मात्र पहिल्याच क्षणी जिभेला भिडतं. पुढे तिखट कुठे घालायचं ते सांगितलं आहे, त्याचा पाया हाच.

घरच्या ओव्हनमध्ये दुकानासारखा पिझ्झा होतो का?

नेपल्सच्या पद्धतीचा होत नाही. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या अस्सल नेपोलिटन पिझ्झाच्या संघटनेच्या नियमांनुसार लाकडाच्या भट्टीत सव्वाचारशे अंशांच्याही वर तापमान लागतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. घरचा ओव्हन बहुधा २५० अंशांवर थांबतो. तिथे पिझ्झ्याला ७ ते १० मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात पिठातलं पाणी उडतं. भट्टीसाठी केलेलं पीठ घरच्या ओव्हनमध्ये घातलं की ते मऊ न राहता टणक होतं, यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. घरासाठी पीठच वेगळं करावं लागतं: पाणी थोडं जास्त, चमचाभर तेल आणि फ्रीजमध्ये निवांत आंबवणं.

दुसरी मदत म्हणजे पिझ्झा स्टोन किंवा जाड पोलादी पत्रा. पोलाद दगडापेक्षा उष्णता फार लवकर पिठात सोडतं, म्हणून तळ लवकर खरपूस होतो. स्टोन असो वा पत्रा, ओव्हन पूर्ण तापवून तो ४५ मिनिटं ते तासभर आत ठेवावा लागतो. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली. स्टोन अजून तापलेला नसतो. स्टोन नसेल तर ओव्हनचा जाड ट्रे उलटा घालून तापवा. आणि शेवटची दीड-दोन मिनिटं वरचं ग्रिल लावा.

आता महत्त्वाचं. ही ७ ते १० मिनिटं साध्या पिझ्झ्याला नडतात, पण तिखट पिझ्झ्याला फळतात. दीड मिनिटाच्या भट्टीत ताज्या मिरचीची चकती नुसती गरम होते, कच्ची राहते. घरच्या ओव्हनमध्ये तिच्यातलं पाणी आटतं, कडा भाजतात आणि गोडवा वर येतो. ज्याला आपण उणीव समजतो ती इथे कामाची ठरते.

पिठाचं प्रमाण काय घ्यावं?

५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम तेल आणि २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. यातून साधारण २८० ग्रॅमचे तीन उंडे होतात आणि प्रत्येकाचा २८ ते ३० सेंटिमीटरचा पिझ्झा होतो. वाटीने मोजू नका. मैदा वाटीत दाबून भरला की सैल भरला, यावर सगळंच बदलतं. स्वयंपाकघराचा छोटा वजनकाटा हीच या कामातली पहिली खरेदी असावी. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचं प्रमाण पाहा, ११ ते १३ टक्के असेल तर छान. त्याहून कमी असेल तर पाणी २० ग्रॅमने कमी करा, नाहीतर पीठ हाताला चिकटून बसेल.

सगळं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. एवढ्या वेळात ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, आपोआप जुळू लागतं आणि मळण्याचे निम्मे कष्ट वाचतात. मग आठ-दहा मिनिटं मळा. पिठाचा छोटा तुकडा बोटांनी ताणला की न फाटता पातळ, पारदर्शक पडदा झाला पाहिजे. उंडे करून तेलाचा हात लावलेल्या डब्यांत घाला आणि २४ ते ७२ तास फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट मंदावतं, पण पिठातल्या विकरांचं काम हळूहळू चालू राहतं, स्टार्चची थोडी थोडी साखर होते. याच साखरेमुळे २५० अंशांतही कडेला चांगला रंग चढतो. भाजण्याआधी दीड-दोन तास डबे बाहेर काढून ठेवा. गार पीठ ताणलं की मागे आखडतं, जबरदस्ती केली की फाटतं.

लाटणं वापरू नका. दोन दिवस जमलेली हवा लाटण्याखाली एका फेरीत निघून जाते. मधून कडेकडे बोटांनी दाबत जा आणि कडेची बोटभर रुंदी अजिबात दाबू नका.

तिखट नक्की कुठे घालायचं?

हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात मोलाचा प्रश्न आहे, आणि तोच फार कमी विचारला जातो. लोक 'किती तिखट' एवढंच विचारतात. पिझ्झा थरांचा पदार्थ आहे आणि प्रत्येक थरात तेच तिखट वेगळं वागतं.

सगळ्यात खाली सॉस. सॉसमधलं तिखट संपूर्ण पिझ्झाभर सारखं पसरतं आणि चीजखाली राहिल्यामुळे हळूच येतं, घास गिळल्यावर मागून चढतं. इथे सुकी मिरची घाला, पण ती नुसती टोमॅटोत टाकू नका. दोन चमचे तेल मंद गरम करून त्यात फ्लेक्स आणि ठेचलेला लसूण अर्धा मिनिट परता, तेल लालसर झालं की टोमॅटोत ओता. तिखट आणि रंग दोन्ही तेलात उतरतात आणि तेल सॉसभर फिरतं.

त्यावर, चीजच्या अगदी खाली: इथे ते फ्लेक्स भुरभुरा जे तुम्ही एरवी वर टाकता. चीज त्यांना झाकतं, ते करपत नाहीत, उलट चीजच्या तुपकट रसात भिजतात. एवढा एक बदल करून पाहा. मिरची तीच, माप तेच. तरी पिझ्झा वेगळा लागेल.

चीजच्या वर फक्त ओल्या गोष्टी घाला. ताज्या मिरचीच्या चकत्या तेलाच्या थेंबात घोळवून घाला. खारवलेल्या हालापेन्यो मिरच्या घालणार असाल तर त्या आधी कापडात किंवा कागदात दाबून पाणी काढा. त्यांचा आंबटपणा चीजच्या जडपणाला छान छेद देतो, मात्र त्यांचं पाणी पिझ्झ्याच्या मधोमध डबकं करतं.

आणि शेवटी, ओव्हनमधून बाहेर आल्यावर. मिरचीचं तेल, ताजी कुटलेली मिरी, तिखट मध किंवा नाजूक वासाची कुठलीही मिरचीपूड इथे घाला. या तिखटाला आच लागलेली नसते, म्हणून वास सगळ्यात जास्त याचाच येतो. इटलीतही मिरचीचं तेल टेबलावर ठेवतात आणि ज्याने त्याने आपल्या पिझ्झ्यावर घ्यायचं असतं.

चारही जागी भरपूर तिखट घातलंत तर पुन्हा पार्सलसारखीच सपाट आग होईल. दोन जागा निवडा. मला सॉसमधलं संथ तिखट आणि भाजून झाल्यावरचं तेल ही जोडी सगळ्यात आवडते. पहिल्या घासाला वास येतो आणि तिखट नंतर पोचतं.

मिरची कोणती घ्यावी?

तिखटाचं माप अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये बसवलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तिखट लागेनासा होतो, यावर ते आकडे ठरत. आता हे यंत्राने मोजतात, पण एककाला नाव त्यांचंच आहे. हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,०००, केयेन ३०,००० ते ५०,०००, आणि हाबानेरो १,००,००० ते ३,५०,०००. एकाच जातीत एवढा फरक पडतो, म्हणून पाककृतीतल्या 'दोन मिरच्या' या शब्दांवर विसंबू नका. टोकाचा नव्हे, देठाजवळचा कण चाखून पाहा. कॅप्सायसिन मुख्यतः देठाजवळच्या पांढऱ्या गाभ्यात असतं. बिया त्याला चिकटून असतात म्हणून तिखट लागतात. तिखट कमी करायचं तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, तो पांढरा भाग खरवडून काढा.

पिझ्झ्यासाठी मी मध्यम तिखट आणि भरपूर वासाची मिरची निवडेन. फार तिखट मिरची घेतली की ती चिमूटभरच घालता येते आणि चिमटीभर मिरचीचा स्वाद तो काय उतरणार! इटलीच्या दक्षिण टोकाचा कालाब्रिया हा प्रांत मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तिथली न्दूया म्हणजे डुकराच्या मांसाची, मिरचीने लाल झालेली, मऊ, पसरवता येणारी सलामी. पिझ्झ्यावर तिचे छोटे छोटे गोळे ठेवले की ते वितळून तिखट तेल सोडतात. मांस खात नसाल तर तेलात परतलेली मिरची, लसूण आणि उन्हात वाळवलेले टोमॅटो एकत्र वाटून तशाच टिकल्या ठेवा.

मिरचीचं तेल करून ठेवता येईल का?

सुक्या मिरचीचं येईल. तेल एवढंच तापवा की फ्लेक्स टाकल्यावर बारीक बुडबुडे यावेत. फ्लेक्स काळे पडू लागले तर तेल जास्त तापलंय. गार करून, गाळून, कोरड्या बाटलीत ठेवा.

ताजा लसूण किंवा ताजी मिरची तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी बॉट्युलिझमचे जिवाणू वाढून घातक विष तयार करू शकतात. त्याचा वास येत नाही, रंग बदलत नाही. असं तेल लागेल तेवढंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

सॉस शिजवायचा का?

नाही. चांगले डबाबंद सोललेले टोमॅटो हाताने कुस्करा, मीठ घाला, झालं. ओव्हनमध्ये तो शिजतोच. टोमॅटो पाणचट असतील तर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. आंबट असतील तर चिमूटभर साखर चालेल.

चीज कोणतं?

घरच्या ओव्हनला कमी पाण्याचं मोझरेला. पाण्यातलं ताजं मोझरेला चवीला सरस असलं तरी आठ मिनिटांत पाणी सोडतं. वापरायचंच असेल तर आदल्या तासात फाडून कापडावर निथळत ठेवा. चीजचा ठोकळा आणून स्वतः किसा. तयार किसलेल्या चीजमध्ये तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते तितकं एकजीव वितळत नाही. एका पिझ्झ्याला १०० ग्रॅम पुरे. जास्त चीज म्हणजे जास्त तेल, ओला तळ आणि दबलेलं तिखट.

ओव्हनच नाही. मग?

जाड बुडाचा तवा किंवा बिडाचं पॅन घ्या. पसरलेलं पीठ मध्यम आचेवर, तेलाचा हात लावून, खालून डाग पडेपर्यंत भाजा. उलटा. आता भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर सॉस, फ्लेक्स, चीज घाला आणि घट्ट झाकण ठेवून आच मंद करा. चीज वितळेपर्यंत खालची बाजूही होते. चीजला वरून रंग येणार नाही, तो झाकणाखाली येऊच शकत नाही. ताज्या मिरच्या कच्च्या राहतील, म्हणून त्या आधीच कोरड्या तव्यावर भाजून घ्या.

घरात एकाला झणझणीत हवा, दुसऱ्याला तिखट सोसत नाही. कसं जमवायचं?

सॉस बिनतिखट ठेवा आणि तिखट चीजखाली, अर्ध्याच भागात घाला. मिरचीचं तेल टेबलावर. लहान मुलं असतील तर त्यांचा पिझ्झा आधी कापा आणि कापायचं चाक धुवून मगच तिखटाला लावा.

तरीही पार्सलच मागवायचं आहे. काय लक्षात ठेवू?

मागवा, त्यात कमीपणा काही नाही. सबंध दिवस काम करून आलेल्या माणसाने दोन दिवसांपूर्वी पीठ मळलेलं असावं, ही अपेक्षाच चूक आहे. फक्त 'जास्त तिखट' असलेला मागवू नका. साधा, कमी टॉपिंगचा, थोडा जास्त भाजलेला मागवा आणि तिखट घरी, शेवटच्या थराचं घाला. टॉपिंग जितकं कमी तितकी डब्यात वाफ कमी.

आणताना डबा आडवा ठेवा, झाकणाची एक कड किंचित उघडी ठेवा. (झाकण चीजला चिकटू नये म्हणून मधे ठेवतात त्या तीन पायांच्या इवल्याशा प्लास्टिकच्या तिवईचं पेटंट १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्मेला व्हिटाले यांना मिळालं. तिने चीज वाचतं. कुरकुरीतपणा वाचवणारं मात्र अजून तरी काही डब्यात नसतं.) घरी तवा तापत ठेवा आणि येताच प्रत्येक तुकडा मिनिटभर तव्यावर टेकवा. मग मिरचीचं तेल.

घरचा पिझ्झा तब्येतीला चांगला असतो का?

आपोआप नाही. मैदा, चीज, मीठ तेच आहे. फरक एवढाच की चीज आणि मिठाचं माप तुमच्या हातात राहतं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी तिखट, टोमॅटो आणि स्निग्ध चीज हे तिन्ही एकत्र रात्री उशिरा खाणं टाळावं, पिझ्झा कुठलाही असो.

मिरच्या चिरल्यावर हात तासन्‌तास जळजळतात. उपाय?

आधी हातांना तेल चोळा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने कॅप्सायसिन निघत नाही. पुढच्या वेळी हातमोजे घाला. डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स घालत असाल तर हे विसरू नका.

उरलेला पिझ्झा किती दिवस ठेवता येतो?

भाजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर डब्यात बाहेर राहिलेला टाकून द्या. फ्रीजमध्ये झाकून ठेवलेला तीन-चार दिवस चालतो. गरम करायला मायक्रोवेव्ह नको, त्याने कडा चिवट होते. मध्यम-मंद आचेवर कोरड्या तव्यात दोन मिनिटं ठेवा, मग तव्याच्या रिकाम्या बाजूला पाण्याचे चार-पाच थेंब टाकून मिनिटभर झाकण ठेवा. तळ कुरकुरीत होतो आणि वाफेने चीज पुन्हा मऊ होतं. न वापरलेले उंडे उरले असतील तर तेही फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवा आणि भाजण्याआधी दोन तास बाहेर काढा.